वहीत नसलेल्या लेकी

धुळे,
१२ जानेवारी २०२५

नाना मामा, नमस्कार.

तुम्हाला सहा वेळा फोन केला. चार वेळा मामींनी उचलला आणि तुम्ही मळ्यात आहात म्हणाल्या. दोन वेळा कोणीच उचलला नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही लोकांना सांगता, "भाची धुळ्याला रक्त तपासते." आई होती तेव्हा तीही असंच सांगायची. थोडं नीट सांगते, कारण आता तुमची मदत हवी आहे. आमच्या प्रयोगशाळेत नसांच्या आणि स्नायूंच्या आजारांवर संशोधन चालतं. आजार होताना पेशीच्या आत काय बिघडतं ते शोधायचं आणि ते कुठे अडवता येईल ते बघायचं, एवढंच काम.

गेल्या वर्षभरात आमच्याकडे तीन माणसं आली. एक फैजपूरचा, एक रावेरकडचा, एक नशिराबादचा. तिघांची आडनावं वेगळी, कहाणी एकच. पस्तिशी-चाळिशीपर्यंत धडधाकट. मग हात थरथरायला लागतो, पोटऱ्यांत वांब येतात, पेटके बसतात. काही वर्षांनी खाली बसलेलं उठवत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, "त्याच्या मांड्या उतरल्या," तेच. पुढे जीभ बारीक होते, बोलणं जड होतं, पाणी पिताना ठसका लागतो. बायकांना काही होत नाही.

नशिराबादचा माणूस म्हणजे उखर्डूदादा, आईचा मावसभाऊ. त्याने मला ओळखलं नाही. मी ओळखलं. आखाजीच्या सणाला तुमच्या अंगणातल्या निंबाला झोका तोच बांधायचा. आता त्याला दोघांनी धरून खुर्चीत बसवलं.

मला वंशावळ हवी आहे. या वर्षी बन्सीलाल भाट वह्या घेऊन येणार असं ऐकलं. आपल्या सोयऱ्यांच्या पाचही कुळांच्या वह्या त्याच्याकडेच आहेत. तुम्ही त्याला बसवून वाचून घ्याल का? वहीत फक्त नावं असतील. आजार कोणाला होता ते तुम्हाला ठाऊक. तुमच्याइतकी माणसं त्या भागात कोणी ओळखत नाही. कागदपत्रं आणि समितीची परवानगी सोबत जोडली आहे. कोणाचंही नाव बाहेर जाणार नाही.

मामींना नमस्कार. दिपमालाताईला मी पिंप्राळ्याला जाऊन भेटेन म्हणते, जमत नाही.

तुमची,
कामिनी


फैजपूर,
२ फेब्रुवारी २०२५

चि. कामिनीस नानाचे आशीर्वाद.

पत्र लिहिलंस ते झकास केलंस. फोनवर माणूस नुसता बोलतो, लिहिताना त्याला विचार करावा लागतो. यापुढे लिहीतच जा.

बन्सीलाल आला होता. लाल फडक्यात बांधलेल्या वह्या आता तो मोटारसायकलवर आणतो. तीन दिवस ओसरीवर बैठक बसली. तो वाचायचा, मी ऐकायचो, आमचा पोरगा प्रेमराज लिहून घ्यायचा. बन्सीलालचा आवाज अजून खणखणीत आहे. "पाटील, तुमी सांगा, कोनता पुरुष?" म्हणायचा आणि मी बोट ठेवायचो.

तीन पिढ्यांत, पाच कुळांत मिळून नऊ माणसं निघाली. पहिला झिपरू. तो मला अंधुक आठवतो, भिंतीला धरून चालायचा. शेवटचा उखर्डू. पूर्ण तक्ता सोबत पाठवतो.

आता नीट बघ. या नऊ जणांत बाप आणि लेक अशी एकही जोडी नाही! भाऊ-भाऊ आहेत, दोन ठिकाणी. पण झिपरूची मुलं ठणठणीत होती, नातू आज ट्रॅक्टर चालवतो. आजार रक्तातला असता तर बापाकडून लेकाकडे आला असता की नाही? पाच कुळांची रक्तं वेगळी, गोत्रं वेगळी. मग सगळ्यांत समान काय? माती! पाणी! आणि आपण त्या मातीत ओतलेलं विष! तीस वर्षं आपण केळीवर फवारलं, नाका-तोंडाला रुमाल न बांधता फवारलं. दुकानदाराने सांगितलं दोन झाकणं टाका, आपण चार टाकली. ज्या जमिनीने आपल्याला बंगले दिले तिला आपण काय दिलं? याचा जाब कोणीतरी विचारलाच पाहिजे.

२३ तारखेला इथे शेतकरी मेळावा आहे. मी हा तक्ता घेऊन उभा राहणार. तुझ्या प्रयोगशाळेचं नाव घेऊ का? घेतलं तर वजन पडेल.

जीवराम


धुळे,
१० फेब्रुवारी २०२५

नाना मामा, नमस्कार.

तक्ता मिळाला. इतकं चोख काम आमचे पगारी लोकही करत नाहीत. इथे आमच्या लोटनभाऊंनी तो भिंतीवर चिकटवला आणि म्हणाले, "ताई, बठ्ठा मानसंच शेतस! बाया कोठे गयात?"

लोटनभाऊ आमच्याकडे नळ्या धुतात, पण सगळे पुरुषच, बाया कुठे, हा प्रश्न त्यांनीच बरोबर विचारला.

बाप-लेक जोडी नाही हे तुमचं निरीक्षण मोलाचं आहे. फक्त त्याचा अर्थ उलटा निघतो. विष जमिनीत असतं तर एकाच शेतात फवारणारे बाप आणि लेक दोघेही सापडले असते. निंदायला जाणाऱ्या बायाही सापडल्या असत्या. विष माणूस निवडत नाही. फवारणीबद्दल तुम्ही जे बोलता ते खरंच आहे आणि बोलायलाच हवं. या आजारासाठी मात्र ते लागू नाही.

काही आजार आईकडून येतात. आईला स्वतःला काही होत नाही. तिच्या मुलांपैकी निम्म्यांना तो मिळण्याची शक्यता असते. मुलाला मिळाला तर त्याच्या मांड्या उतरतात. मुलीला मिळाला तर ती पुढे घेऊन जाते, सासरी, दुसऱ्या कुळात. आजारी बाप हा आजार मुलाला देऊच शकत नाही. त्याच्या प्रत्येक मुलीकडे मात्र तो जातोच. म्हणजे हा आजार ज्या वाटेने चालतो ती वाट भाटाच्या वहीत नाही. वहीत माझी आई आहे का, मामा? तुमची सख्खी बहीण? बघून सांगा.

मला या नऊ जणांच्या आया हव्यात. त्यांची माहेरं हवीत. मेळाव्यात हा तक्ता दाखवू नका, ही विनंती आहे. प्रयोगशाळेचं नाव तर नकोच.

कामिनी


फैजपूर,
१ मार्च २०२५

कामिनीस,

वच्छलाचं नाव वहीत नाही. कोणाच्याच लेकीचं नसतं. लेक दिल्या घरची. ही रीत मी घातलेली नाही.

तुझ्या पत्राचा अर्थ मला कळला नाही असं समजू नकोस. तू म्हणतेस की आमच्या लेकी आजार घेऊन सासरी जातात. हे वाक्य गावात एकदा सुटलं की काय होईल याचा विचार केलास? आपल्याकडे सोयरीक जमवताना लोक मुलीच्या मामाच्या मामापर्यंत चौकशी करतात. माझ्या नातीचं, दिपमालाच्या सारिकाचं, बोलणं सावद्याकडे चालू आहे. तुझ्या एका तक्त्यापायी पाच कुळांतल्या पोरी घरात बसतील. शास्त्र मोठं आहे, मान्य. मी आयुष्यभर शास्त्राच्या बाजूने बोललो, अंगाऱ्या-धुपाऱ्यांवर तुटून पडलो. पण शास्त्राला लेकी नसतात.

मेळावा झाला. भाषण मी लिहिलं होतं, वाचलं प्रेमराजने. माझा घसा बसला होता. तुझ्या विनंतीप्रमाणे तक्ता दाखवला नाही, फवारणीवरच बोललो. टाळ्या पडल्या. प्रेमराज वाचतो बरा, पण कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही.

आयांची नावं मागू नकोस. मिळणार नाहीत.

बाकी ठीक. हितेंद्र परवा येऊन गेला, घशामुळे मी त्याच्याशी कागदावर लिहूनच बोललो. दिपमालाचा हा पोरगा अठ्ठावीसचा झाला, जिममध्ये जातो, पण वजन उचलताना हात कापतो असं दिवाळीतच म्हणाला होता. पोटरीत वांब येतात. मी त्याला माझ्या ओळखीच्या डॉक्टरकडे पाठवलं. ताकदीची सुई सुरू केली आहे, दर पंधरा दिवसांनी. पुरुषाच्या अंगात जे कमी पडतं तेच असतं त्यात. तीन महिने झाले, छाती भरून आली म्हणतो. तरुण आहे, सुधारेल.

जीवराम


धुळे,
५ मार्च २०२५

नाना मामा,

पत्र आज दुपारी मिळालं. लगेच लिहिते आहे, कारण तुम्ही फोनवर येत नाही.

हितेंद्रची सुई ताबडतोब थांबवा.

का ते सांगते. आमच्याकडे आलेल्या तिघांच्या रक्तात आम्हाला एकच बिघाड सापडला. पेशीत एक प्रथिन असतं. पुरुषी संप्रेरक आलं की त्याला धरायचं आणि पेशीच्या गाभ्यात न्यायचं हे त्याचं काम. या तिघांमध्ये त्या प्रथिनाची एक बाजू गरजेपेक्षा लांब आहे. नुसतं असं असून चालून जातं. ते गप्प पडून राहतं. संप्रेरक त्याला चिकटलं की मात्र ते गाभ्यात शिरतं, तिथे त्याचे गोळे होतात आणि पेशी आतून गुदमरते. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी आधी मरतात, आणि मेल्या की परत येत नाहीत. बायकांना आजार होत नाही तो यामुळेच. त्यांच्या अंगात ते संप्रेरक फार थोडं असतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. उखर्डूदादाच्या कातडीच्या कणापासून आम्ही तशा पेशी वाढवल्या आहेत. दोन बश्या. एकीत संप्रेरक घातलं, दुसरीत नाही. नवव्या दिवशी पहिल्या बशीत मी शंभरातल्या एकेचाळीस पेशींत गोळे मोजले. दुसऱ्या बशीत तीन.

"पुरुषाच्या अंगात जे कमी पडतं तेच असतं त्यात," असं तुम्ही लिहिलंत. हितेंद्रकडे हा बिघाड असेल, तर तुम्ही पहिल्या बशीत आणखी ओतताय.

पिंप्राळ्याला जायला आता रविवारची वाट बघत नाही, रजा काढली आहे. उद्या जाते.

कामिनी

ता. क. ६ मार्च. जाऊन आले. हितेंद्र हसला. म्हणाला, "मावशी, तुमचं सगळं बशीतलं. नानांनी स्वतः सांगितलंय. ते सांगतील तेव्हा बंद करेन." आता हे फक्त तुमच्या शब्दावर आहे. पुढची सुई पंधराला आहे.


फैजपूर,
१८ मार्च २०२५

कामिनी माय, तुले मामीचे आशीर्वाद.

मी सातवी शिकेल. लिहाची सवय मोडली, चुकलं तर समजून घे. हे पत्र मी लिहिलं ते तुझ्या मामाले सांगू नको. पोस्टात टाकाले प्रेमराजची बायको जाईन.

तू आयांची नावं मागितली, मामांनी दिली नही. त्याईच्याकडे नहीतच. माझ्याकडे आहेत. आखाजीच्या वहीत.

तुझी आजी कमलबाई, माझ्या सासूबाई, त्या चार बहिणी. भाऊ नव्हता. आई-बाप गेले, माहेर बंद झालं. मंग आखाजीले झोका खेळाले जायचं कुठी? सासूबाई म्हणे, माझं घर तेच तुमचं माहेर. तेव्हापासून चौघी बहिणी, त्याईच्या लेकी, लेकीच्या लेकी, सगळ्या आपल्याच घरी येतात. कोणाले घ्याले कोणता मुऱ्हाळी पाठवायचा, कोणाचे पाय भारी आहेत, कोण या वर्षी येणार नही, ते सासूबाई सांगे न मी लिहे. त्या गेल्या तरी मी लिहिते. चाळीस वर्षांची वही आहे. तिची पानं मी उतरून पाठवते.

मामा नऊ माणसं म्हणे. ते नऊच्या नऊ या बायांच्या पोटचे आहेत. कुळं पाच, पण आया सगळ्या चौघी बहिणींच्याच वेलातल्या. मी कधी असं जोडून पाहिलंच नव्हतं बाई. तू विचारलं म्हणून पाहिलं, न पानं पुन्हा पहिल्यापासून मोजली.

माझ्या वहीत नऊ नही, अकरा होतात. दहावा हितेंद्र. अकरावा तुझा मामा.

दोन वर्षं झाली, त्याईची जीभ वळत नही. स वेगळा निघते, र निघतच नही. ज्या माणसाचं भाषण ऐकाले लोक रावेरहून येत, तो आता पाणी मागाले पेला वाजवतो. म्हणून फोन घेत नही. मळ्यात नही, घरातच राहतात. ते ताकदीची सुई स्वतः तीन वर्षं घेत होते. मांड्या भरतील म्हणून. उलट मांड्या अजून उतरल्या. तरी पोराले तीच सांगितली, कारण दुसरं काय सांगावं ते त्याईले माहीत नव्हतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ते जेवले नही. पंधराची सुई हितेंद्रने घेतली. मामांनी फोन हातात घेतला होता, पण बोलले नही, ठेवून दिला. पुढची तीसला आहे. तू काही कर.

सुगंधाबाई


धुळे,
२५ मार्च २०२५

नाना मामा, नमस्कार.

मला आयांची नावं मिळाली. कुठून ते विचारू नका. नवा तक्ता सोबत आहे. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. भरलेला चौकोन म्हणजे आजार. गोलात ठिपका म्हणजे ती तो पुढे नेते. सर्वांत वर एक गोल आहे, कमलआजीची आई. तिचं नाव कोणालाच माहीत नाही. खाली तुमचे नऊ भरलेले चौकोन.

काही गोष्टी सरळ लिहिते. प्रेमराजला हा आजार बापाकडून येऊ शकत नाही, त्याने निश्चिंत राहावं. सारिकाला स्वतःला काही होणार नाही. तिच्याकडे बिघाड असला तरी लग्नानंतर मूल होण्याआधी तपासणी करता येते, वाट काढता येते. लपवलं तर वाट काढता येत नाही. तुम्ही आमच्यासमोर चाळीस वर्षं हेच बोलत आलात.

औषधाचं विचाराल. बरं करणारं औषध आज नाही. संप्रेरक कमी करणारं इंजेक्शन जपानमध्ये या आजारासाठी देतात. काही जणांचं गिळणं त्याने टिकतं. पण ते घेणाऱ्याला संसाराची, मुलाबाळांची किंमत मोजावी लागते, त्यामुळे तरुणांना विचार करूनच द्यावं लागतं. गोळे होऊ न देणाऱ्या एका रसायनावर आम्ही काम करतो. बशीत ते चाललं, उंदरांत बघतो आहोत. माणसापर्यंत यायला दहा वर्षं लागतील किंवा येणारही नाही. आज हातात आहे ते एवढंच: आगीत तेल ओतणं थांबवायचं. आणि ज्याला गिळताना त्रास होतो त्याने पाणी पिताना हनुवटी छातीकडे घ्यावी, मान वर करू नये. ठसका कमी लागतो.

बायकांमधली पहिली नळी माझ्या रक्ताची होती. निकाल आला. माझ्या गोलात ठिपका आहे, आईच्याही गोलात मग तो आपोआप आला. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. मोठा झाल्यावर तपासणी करायची की नाही ते तो ठरवेल. तेव्हा शास्त्राला लेकी नसतात असं पुन्हा लिहू नका.

तक्त्यात एक चौकोन मी रिकामा ठेवलाय. त्याखाली जीवराम लिहिलंय. तो मी भरणार नाही.

हितेंद्रची पुढची सुई तीस तारखेला आहे. आखाजी ३० एप्रिलला. सगळ्या लेकी तुमच्याच अंगणात येतील.

तुमची,
कामिनी


फैजपूर,
३ मे २०२५

चि. कामिनीस नानाचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आधी तुला हवी ती बातमी देतो. तीस मार्चला सकाळी मी हितेंद्रला फोन केला. त्याने दोनदा विचारलं, "कोण बोलतंय?" तिसऱ्यांदा त्याला माझा आवाज कळला. मी म्हणालो, सुई घेऊ नकोस. हे वाक्य मला तीन वेळा म्हणावं लागलं. म्हणाला, "नाना, तुम्हाला काय झालं?" मी म्हणालो, तुला जे होऊ शकतं ते. त्याने सुई घेतली नाही. दुपारी दिपमालाला घेऊन इथे आला. उरलेल्या दोन बाटल्या माझ्यापुढे ठेवल्या. त्या तुला या पाकिटात घालून पाठवणार होतो, पोस्टवाला नाही म्हणाला.

आता आखाजीचं. यंदा सत्तावीस बाया आल्या. सांजोऱ्या झाल्या, रस झाला. झोका उखर्डूच्या पोराने बांधला. तिसऱ्या प्रहरी मी सगळ्यांना अंगणात बसवलं. भाषण लिहून ठेवलं होतं, प्रेमराज कागद घेऊन उभा राहिला. त्याने पहिलं वाक्य वाचलं, "माझ्या लेकींनो," आणि मला ते सहन झालं नाही. त्या त्याच्या लेकी नव्हत्या. मी कागद काढून घेतला.

पाणी प्यालो, हनुवटी छातीकडे घेऊन. ठसका लागला नाही. मग बोललो. पाच मिनिटांच्या भाषणाला पंचवीस मिनिटं लागली. आयुष्यात हजार सभा केल्या, पण लोकांचे चेहरे एवढे जवळून कधी बघितले नव्हते. माझ्या तोंडातून शब्द निघेपर्यंत त्या वाट बघत बसल्या होत्या. चौथ्या-पाचव्या वाक्याला एकीने पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, रडू नका, ऐका. तुमच्यात दोष नाही. दोष लपवण्यात आहे आणि तो मी केला. मी आजार लपवला आणि माझ्या नातवाला विष दिलं. अंगाऱ्या-धुपाऱ्यांवर तुटून पडणारा मी, ताकदीच्या सुईपुढे मान वाकवून बसलो.

सावद्याची एक म्हातारी होती, माझ्या आईच्या धाकट्या बहिणीची लेक. ती म्हणाली, "जीवरामभाऊ, आमच्या घरी दोन पोरं गेली. लोक मले म्हने, तुझाच पाय खोटा. आज समजलं, पाय नव्हता खोटा." मी तक्त्यातला तिचा गोल तिला दाखवला. तू आलीस की नीट समजावून सांग तिला.

कोणी चिडलं नाही असं नाही. दोघी न जेवता निघून गेल्या. सारिकाच्या सोयरिकीचं काय होईल ते ठाऊक नाही. पोरगी म्हणाली, "तिकडच्यांना मीच सांगेन, तुम्ही मधे पडू नका." मी पडणार नाही.

चौदा जणींनी नावं दिली आहेत. तुझी माणसं आणि नळ्या घेऊन ये. उन्हाळ्यात रक्त टिकतं की नाही ते तुला माहीत, बर्फ इथे मिळतो.

बन्सीलालला बोलावून घेतलं. म्हटलं, लेकींची नावं लिही. "पाटील, वहीत जागाच नाय तशी. सात पिढ्यांत कोनी लिवली नाय," म्हणाला. मी म्हणालो, पानाच्या मागच्या बाजूला लिही. ती कोरीच आहे. तुझ्या मामीने तिची वही आणून त्याच्यापुढे टाकली आणि ती सांगत गेली. तो दिवसभर लिहीत होता. वच्छलाचं नाव त्याने माझ्यासमोर लिहिलं. तिच्या खाली तुझं.

तक्ता परत पाठवतो. चौकोन मी भरला आहे. पेन्सिलने भरणार होतो, मग शाईने भरला. रेघ जरा बाहेर गेली आहे.

वरच्या त्या गोलाचं नाव मी शोधतो आहे. माझ्या आईच्या आईला नाव असणारच.

रविवारी सकाळी फोन कर. या वेळी मामी नाही, मीच उचलेन. मला वेळ लागेल. मधेच "हॅलो, हॅलो" करू नकोस. थांब.

तुझा,
नाना मामा